आश्रय आणि अधिकार

गेल्या वर्षीं नववीच्या वर्गांत दुसऱ्या महायुद्धाचा पाठ चालला असतां मीं मुलांना कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील पोलिश छावणीची हकीकत सांगितली. युरोपांतून परागंदा झालेले हजारों लोक आपल्या कोल्हापूरच्या परिसरांत कांहीं वर्षें राहून गेले, हें ऐकून मुलांना मोठें नवल वाटलें. तास संपतां संपतां मागच्या बांकावरील एका विद्यार्थ्यानें उभें राहून विचारलें, "सर, त्यांना राहावयास घर होतें, जेवावयास अन्न होतें, शाळा होती, दवाखाना होता, मग त्यांना उणें तें काय होतें?" इतक्यांत घंटा झाली, आणि मीं "उद्यां सांगतों" असें म्हणून वेळ मारून नेली. दुसऱ्या दिवशीं मीं जें उत्तर दिलें तें अपुरें होतें, असें मला तेव्हांही वाटलें व आजही वाटतें. त्या प्रश्नाचें नीट उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे. पालकांनींही तो वाचावा अशी विनंति आहे. कारण ह्या विषयाचा एक धागा आपणां सर्वांच्या घरांतील कागदपत्रांच्या पेटीपर्यंत येऊन पोंचतो.

प्रथम ती हकीकत थोडक्यांत सांगतों. इ. स. १९३९ च्या सप्टेंबर महिन्यांत जर्मनीनें पश्चिमेकडून व सोव्हिएट रशियानें पूर्वेकडून पोलंडवर स्वारी करून तो देश वांटून घेतला. पूर्व पोलंडांतील लाखों लोकांना १९४० व १९४१ ह्या सालांत आगगाडीच्या मालडब्यांत भरून सैबीरिया, कझाकस्तान इत्यादि दूरच्या प्रदेशांत पाठविण्यांत आलें. पुढें १९४१ च्या जूनमध्यें जर्मनीनें रशियावरच हल्ला केला. तेव्हां रशिया व लंडनमध्यें आश्रय घेतलेलें पोलिश सरकार ह्यांचा समेट होऊन ह्या लोकांची मुक्तता झाली. १९४२ मध्यें त्यांतील पुष्कळजण कास्पियन समुद्र ओलांडून इराणांत उतरले. धडधाकट पुरुष फौजेंत दाखल झाले. स्त्रिया, मुलें व वृद्ध माणसें ह्यांना कोठें ठेवावें हा प्रश्न उरला. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी ह्यांनीं १९४२ मध्यें जामनगरजवळ बालाचडी येथें पोलिश मुलांकरितां वसतिस्थान उघडलें. आणि १९४३ मध्यें कोल्हापूर संस्थानांत वळिवडे येथें मोठी छावणी उभी राहिली. तेथें सुमारें पांच हजार लोक राहत असत. बैठ्या चाळींतून त्यांचे संसार मांडले गेले. शाळा, दवाखाना, प्रार्थनामंदिर व नाट्यगृह निघालें, मुलांचीं बालवीर पथकें निघालीं. खर्चाचा भार लंडनमधील पोलिश सरकार सोशीत असे.

युद्ध संपलें, तेव्हां ह्या लोकांना आनंद व्हावयाचा तो झाला नाहीं. १९४५ च्या फेब्रुवारींत याल्टा येथें बड्या राष्ट्रांनीं पोलंडची पूर्व सीमा बदलली, आणि ह्यांतील बहुतेकांचीं गांवें रशियाच्या हद्दींत गेलीं. त्याच वर्षीं जुलै महिन्यांत ब्रिटन व अमेरिका ह्यांनीं लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेऊन ती वॉर्सा येथील नव्या सरकारास दिली. वळिवड्याच्या चाळी जेथल्या तेथें होत्या, चुली पेटत होत्या, शाळेची घंटा वेळेवर होत होती. परंतु ज्या सरकारच्या शिक्क्यावर ह्या लोकांची ओळख उभी होती तें सरकारच जगाच्या दृष्टीनें नाहींसें झालें. परत जावें तर जेथून एकदां मालडब्यांत कोंबून नेलें त्याच राज्यांत जावयाचें. न जावें तर आपण कोणत्या देशाचे, हें सांगावयास सोय नाहीं. पुढें आंतरराष्ट्रीय साहाय्यसंस्थांनीं त्यांचा भार उचलला, आणि १९४८ पर्यंत कोणी इंग्लंडला, कोणी ऑस्ट्रेलियाला, कोणी कॅनडाला, असे ते पांगले.

ह्याच जागीं दुसरी एक गोष्ट घडली. पोलिश लोक गेले, आणि फाळणीमुळें सिंधमधून निघून आलेल्या लोकांची वस्ती त्या छावणीच्या जागेवर झाली. तीच वस्ती आज गांधीनगर ह्या नांवानें ओळखिली जाते, व तेथील कापडबाजार सर्व दक्षिण महाराष्ट्रास ठाऊक आहे. सिंधी लोकांचे हाल कमी झाले असें मुळींच नाहीं. घरदार, शेतीवाडी, दुकानें सोडून तेही आले होते. परंतु त्यांच्या बाबतींत एक गोष्ट निराळी होती. भारताच्या राज्यघटनेच्या सहाव्या कलमांत पाकिस्तानांतून आलेल्यांच्या नागरिकत्वाची तरतूद होती. जो स्वतः, किंवा ज्याच्या आईबापांपैकीं अथवा आजाआजींपैकीं कोणी एक, अखंड हिंदुस्थानांत जन्मलेला असून जो १९ जुलै १९४८ पूर्वीं येऊन येथें राहिला, तो नागरिक मानला गेला. त्या तारखेस वा त्यानंतर आलेल्यास नोंदणीचा मार्ग ठेविला होता. पाठोपाठ नुकसानभरपाई व पुनर्वसन ह्यांचा १९५४ चा कायदा झाला. म्हणजे सिंधी निर्वासिताच्या हातीं प्रथम कांहीं नव्हतें, तरी त्याला उभें राहावयास कायद्याची भूमि होती. त्या भूमीवर त्यानें दुकान थाटलें, मत दिलें, मुलांना शिकविलें. पोलिश निर्वासिताच्या पायाखालीं तीच नव्हती. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर येथें आहे.

मनुष्याला देश नसणें ही आपत्ति किती विचित्र आहे, हें जगाला पहिल्या महायुद्धानंतर कळूं लागलें. रशियांत १९१७ मध्यें राज्यक्रांति झाली व यादवी माजली. दहा लाखांहून अधिक लोक देश सोडून गेले. १९२१ च्या डिसेंबरांत नव्या रशियन सरकारनें अशा लोकांचें नागरिकत्व एका फर्मानानें काढून घेतलें. त्यांचे पासपोर्ट निरुपयोगी झाले. ज्या देशांत ते होते तेथें त्यांना काम करण्याचा परवाना मिळेना, आणि दुसऱ्या देशांत जाऊं म्हटलें तर सीमेवरचा शिपाई सोडीना.

ह्या वेळीं राष्ट्रसंघानें निर्वासितांच्या कामीं हायकमिशनर म्हणून नॉर्वेचे फ्रिट्यॉफ नानसेन ह्यांची नेमणूक केली. नानसेन हे मूळचे शास्त्रज्ञ व धाडसी प्रवासी. १८८८ मध्यें त्यांनीं ग्रीनलंडचें बर्फाळ पठार ओलांडलें होतें, व १८९५ मध्यें उत्तर ध्रुवाच्या दिशेनें ८६ अंशांपलीकडे ते जाऊन आले होते. त्यापूर्वीं इतक्या उत्तरेस कोणीही गेलें नव्हतें. महायुद्धानंतर निरनिराळ्या देशांत अडकलेल्या चार लाखांहून अधिक युद्धकैद्यांना त्यांनीं घरोघर पोंचविलें होतें. निर्वासितांचें काम हातीं घेतांच त्यांच्या ध्यानांत आलें कीं, अन्नवस्त्राइतकीच ह्या लोकांना एका कागदाची गरज आहे. १९२२ च्या जुलैमध्यें जिनीव्हा येथें सरकारांच्या प्रतिनिधींची परिषद् भरली, आणि तिनें ओळखीच्या एका दाखल्याचा नमुना ठरविला. त्यालाच पुढें 'नानसेन पासपोर्ट' हें नांव पडलें.

तो दाखला म्हणजे अगदीं साधी वस्तु होती: नांव, जन्म, वर्णन, छायाचित्र, आणि दाखला देणाऱ्या सरकारचा शिक्का. त्यानें कोणाला नागरिकत्व मिळत नसे. आरंभीं तर तो घेऊन देशाबाहेर गेलेल्यास परत येण्याची हमीही नव्हती. ती उणीव १९२६ च्या परिषदेंत बरीच भरून काढण्यांत आली. तरीपण पन्नासांहून अधिक सरकारांनीं तो मान्य केला. १९२४ मध्यें आर्मेनियन लोकांना व १९२८ मध्यें असीरियन इत्यादि लोकांना तो मिळूं लागला. एकंदर सुमारें साडेचार लाख माणसांनीं त्याच्या आधारानें सीमा ओलांडल्या, कामें शोधलीं, ताटातूट झालेलीं कुटुंबें एकत्र आणलीं. संगीतकार स्ट्राविन्स्की व चित्रकार शागाल हेही कधीं काळीं ह्याच कागदाचे धनी होते. नानसेन ह्यांना १९२२ मध्यें शांततेचें नोबेल पारितोषिक मिळालें. १९३० मध्यें ते वारले; पण त्यांच्या कार्यांतून १९३३ चा करार निघाला, आणि निर्वासिताला त्याच्या छळकर्त्याच्या सीमेवर परत लोटूं नये हें तत्त्व प्रथमच राष्ट्राराष्ट्रांतील करारांत लिहिलें गेलें. मात्र तो करार मोजक्याच राष्ट्रांनीं स्वीकारला.

त्याचें फळ थोड्याच वर्षांत दिसून आलें. जर्मनींत हिटलरच्या राजवटीनें १९३५ च्या कायद्यांनीं ज्यूंना पूर्ण नागरिकत्वापासून वंचित केलें. १९३८ च्या जुलैमध्यें फ्रान्सांतील एव्हियां ह्या गांवीं बत्तीस राष्ट्रें ह्या प्रश्नाचा विचार करण्यास जमलीं. बहुतेक प्रतिनिधींनीं सहानुभूतीचीं भाषणें केलीं, आणि बहुतेकांनीं आपलीं दारें होतीं तितकींच उघडीं ठेविलीं. पुढील वर्षीं मे महिन्यांत 'सेंट लुई' नांवाची आगबोट नऊशेंहून अधिक ज्यू उतारू घेऊन हॅम्बुर्गहून क्यूबाकडे निघाली. हवाना बंदरांत मोजक्यांखेरीज कोणास उतरूं दिलें नाहीं. अमेरिकेनेंही घेतलें नाहीं. बोट युरोपला परतली. ब्रिटन, फ्रान्स, बेल्जम व हॉलंड ह्यांनीं ते उतारू वांटून घेतले; पण पुढें जर्मन सैन्यानें ब्रिटनखेरीज बाकीचे तीन देश व्यापले, आणि त्या उतारूंपैकीं २५४ जण हत्याकांडाच्या काळांत प्राणांस मुकले. त्यांच्याविषयीं कोणाच्या मनांत दया नव्हती असें नव्हे. दया होती, पण त्यांना उतरवून घेणें कोणावरही बंधनकारक नव्हतें.

हा धडा घेऊनच महायुद्धानंतर आजचा कायदा घडला. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या चौदाव्या कलमांत छळापासून आश्रय मागण्याचा, व पंधराव्या कलमांत राष्ट्रीयत्वाचा हक्क सांगितला आहे. त्यानंतर २८ जुलै १९५१ रोजीं जिनीव्हा येथें निर्वासितांच्या स्थितीविषयींचा करार झाला. ह्या करारांतील मुख्य मुद्दे विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवण्याजोगे आहेत.

पहिला मुद्दा, निर्वासित कोणास म्हणावें हा. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचें सभासदत्व किंवा राजकीय मत ह्या पांचांपैकीं एखाद्या कारणासाठीं आपला छळ होईल अशी ज्याला सकारण भीति आहे, आणि त्यामुळें जो आपल्या देशाबाहेर असून त्या देशाचें संरक्षण घेऊं शकत नाहीं वा घेऊं इच्छीत नाहीं, तो निर्वासित. केवळ अधिक मजुरीच्या शोधांत परदेशीं गेलेला मनुष्य ह्या व्याख्येंत बसत नाहीं. दुसरा मुद्दा तेहेतिसाव्या कलमाचा: जेथें त्याच्या जीविताला वा स्वातंत्र्याला धोका आहे तेथें त्याला परत धाडतां कामा नये. तिसरा मुद्दा, त्याच्या हक्कांचा: न्यायालयांत दाद मागतां यावी, मुलांना प्राथमिक शिक्षण त्या देशाच्या मुलांप्रमाणेंच मिळावें, प्रवासाचा दाखला मिळावा, आणि जीव वांचविण्यासाठीं परवान्यावांचून सीमा ओलांडल्याबद्दल, तो तत्काळ हजर होऊन कारण सांगेल तर, शिक्षा होऊं नये. चौथा मुद्दा कर्तव्याचा: निर्वासितानें आश्रय देणाऱ्या देशाचे कायदे पाळले पाहिजेत; आणि ज्यानें युद्धांत घोर अपराध केले आहेत त्याला ह्या कराराचें कवच नाहीं. आरंभीं हा करार १९५१ पूर्वींच्या घटनांपुरताच होता. १९६७ च्या पुरवणीनें ती मर्यादा काढून टाकिली. ह्या कामासाठीं संयुक्त राष्ट्रसंघाची निर्वासितांची कचेरी १९५१ च्या आरंभीं तीन वर्षांच्या बोलीवर सुरू झाली. ती आजही चालू आहे, ह्यावरूनच काम किती मोठें आहे तें समजावें. २०२४ च्या अखेरीस छळ, युद्ध व हिंसा ह्यांमुळें घर सोडावें लागलेले लोक जगांत बारा कोटींहून अधिक होते; त्यांतील बहुसंख्य आपल्याच देशाच्या सीमांच्या आंत विस्थापित झालेले होते.

निर्वासित व राष्ट्रहीन हे दोन शब्द एकाच अर्थाचे नव्हेत. कोणतेंही राज्य आपल्या कायद्यानें ज्याला आपला नागरिक मानीत नाहीं तो राष्ट्रहीन, अशी व्याख्या १९५४ च्या दुसऱ्या एका करारांत आहे. असा मनुष्य जन्मल्या गांवाबाहेर पाऊल न टाकतांही राष्ट्रहीन असूं शकतो. म्यानमारांतील रोहिंग्या लोक हें त्याचें ठळक उदाहरण. तेथील १९८२ च्या नागरिकत्वाच्या कायद्यान्वयें मान्य झालेल्या जमातींत त्यांना स्थान मिळालें नाहीं. २०१७ च्या ऑगस्टपासून त्यांतील सात लाखांहून अधिक लोक बांगलादेशांत पळून आले, म्हणजे राष्ट्रहीन होते ते निर्वासितही झाले. ही आपत्ति मुळांतच टाळावी म्हणून १९६१ चा करार सांगतो कीं, जें मूल अन्यथा राष्ट्रहीन होईल त्याला ज्या देशांत तें जन्मलें त्या देशानें आपलें नागरिकत्व द्यावें. आणि टाकलेलें मूल जेथें सांपडेल तेथीलच मानावें.

आतां आपल्या देशाकडे वळूं. भारतानें १९५१ च्या करारावर सही केलेली नाहीं, व निर्वासितांसाठीं येथें स्वतंत्र कायदा नाहीं. तरीही आश्रय देण्याची रीत आहे. १९५९ पासून आलेल्या तिबेटी लोकांना सरकारनें जमिनी व नोंदणीचे दाखले दिले. आपल्या विदर्भांत, आजच्या गोंदिया जिल्ह्यांत, नोर्ग्येलिंग ही त्यांची वसाहत १९७२ पासून आहे. कायदा नसतां न्यायालयांनीं घटनेचा आधार शोधला, हेंही लक्षांत घ्यावें. घटनेच्या चौदाव्या व एकविसाव्या कलमांत 'नागरिक' असा शब्द नसून 'व्यक्ति' असा आहे. पूर्व पाकिस्तानांत कर्णफुली नदीवर कप्ताई येथें धरण झालें व चकमा लोकांचीं घरें बुडालीं. त्यांतील कांहीं १९६४ पासून आजच्या अरुणाचल प्रदेशांत वसविले गेले. पुढें त्यांना तेथून हुसकून लावण्याच्या धमक्या येऊं लागल्या. तेव्हां सर्वोच्च न्यायालयानें १९९६ मध्यें निर्णय दिला कीं, नागरिक असो वा नसो, प्रत्येक मनुष्याच्या जीविताचें व स्वातंत्र्याचें रक्षण करणें हें राज्याचें कर्तव्य आहे. २०१० मध्यें दिल्लीच्या उच्च न्यायालयानें भारतांत जन्मलेल्या एका तिबेटी तरुणीस नागरिक ठरविलें. कारण २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ पूर्वींपर्यंत येथें जन्मलेला मनुष्य कायद्यानें जन्मतःच नागरिक आहे, आणि तिचा जन्म त्या मुदतींतला होता. एका शब्दानें व एका तारखेनें मनुष्याचें आयुष्य कसें पालटतें पाहा!

एक उत्साहवर्धक उदाहरण देऊन हा लेख आटोपता घेतों. सोव्हिएट संघराज्य १९९१ मध्यें मोडलें, तेव्हां मध्य आशियांतील किर्गिझस्तानांत हजारों लोक जुने, निरुपयोगी झालेले पासपोर्ट घेऊन राहिले. मुलांना दाखले नाहींत, मोठ्यांना नोकऱ्या नाहींत. अझिझबेक अशुरोव्ह हे वकील व त्यांचे सहकारी गांवोगांव हिंडले. जेथें मोटार जाईना तेथें घोड्यावरून गेले. आणि सरकारच्या सहकार्यानें एकेकाचे कागद तयार करविले. २०१९ मध्यें साडेतेरा हजारांहून अधिक लोकांची गणना पूर्ण होऊन, ज्ञात असलेला एकही राष्ट्रहीन मनुष्य शिल्लक नाहीं असें जाहीर करणारा तो जगांतील पहिला देश ठरला. त्या वर्षीं अशुरोव्ह ह्यांना निर्वासितांच्या सेवेचें जें पारितोषिक मिळालें, तें नानसेन ह्यांच्याच नांवाचें आहे.

पालकांस येथें एक नम्र सूचना करावीशी वाटते. १९६९ च्या कायद्याप्रमाणें मुलाच्या जन्माची खबर एकवीस दिवसांच्या आंत द्यावयाची असते. प्रवेशाच्या वेळीं जन्मदाखला मागितला म्हणजे पुष्कळांना ती कटकट वाटते. मीही पूर्वीं अर्ज तपासतांना तो नुसता नियम म्हणून मागत असें. परंतु हें मूल कोणाचें, कोठलें, केव्हांचें, ह्याची सरकारदरबारीं असलेली ती पहिली साक्ष आहे. शेजारीं, कामावर येणाऱ्या बाईच्या घरीं, वीटभट्टीवर कोणा मुलाची नोंद राहिली असेल, तर ती करविण्यास हात द्यावा. हें काम आपल्यापैकीं कोणीही करूं शकेल.

आणि आतां त्या मागच्या बांकावरील विद्यार्थ्यास. बाळ, वळिवड्याच्या लोकांना उणें काय होतें असें तूं विचारलेंस. त्यांना जें मिळत होतें तें दुसऱ्याच्या चांगुलपणानें मिळत होतें. आणि त्या चांगुलपणाला कोल्हापुरानें उणें पडूं दिलें नाहीं, ही आपणां सर्वांस भूषणाची गोष्ट आहे. वॉर्सा शहरांत कोल्हापूरच्या नांवाचें स्मारक उभें आहे, तें काय उगीच? परंतु आज मिळालेलें उद्यां मिळेलच असें म्हणावयास, आणि न मिळाल्यास कोणापाशीं तरी दाद मागावयास, त्यांना जागा नव्हती. तूं रोज शाळेंत येतोस तो कोणाच्या उपकारानें येत नाहींस; तो तुझा हक्क आहे, म्हणून तुला त्याची आठवणही होत नाहीं. त्यांना मात्र प्रत्येक दिवशीं ती आठवण होत असे. तेंच त्यांना उणें होतें.